काशीनं पाहिलेली मोळी

आश्रमशाळेत टीव्ही आला तेव्हा मुख्याध्यापक तुळशीदास सरांनी त्याच्यासाठी लाकडी पेटी करून घेतली. रविवारी दुपारची जेवणं उरकली की जेवणाच्या खोलीतच सतरंज्या पडायच्या, सर पेटी उघडायचे आणि दीडशे मुली दाटीवाटीनं बसायच्या. काशी मात्र मागच्या दारात बसायची. ती शाळेत कामाठी होती. भाकऱ्या थापायच्या, डाळ शिजवायची, टोप घासायचे. दारात बसलं की एक डोळा टीव्हीवर आणि दुसरा बाहेर उन्हात घातलेल्या तांदळावर ठेवता यायचा.

शाळा मोखाड्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. काशीचं सासर वांगणीचं. नवरा लक्ष्या पावसाळ्यात वांगणीत नागली-वरई करायचा आणि दिवाळी झाली की ठाण्याकडं बिगारी कामाला जायचा. लग्नानंतर पाच वर्षं काशीही त्याच्यासोबत गेली, इमारतींच्या पायऱ्या चढून वर रेती पोचवली. पोरगी माघी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा मात्र तिनं ठरवलं, आता हे पुरे. माघीला आश्रमशाळेत घातलं आणि स्वतः काम मागायला सरांपुढं जाऊन उभी राहिली. तीन दिवस उभी राहिली. चौथ्या दिवशी सरांनी तिच्या हातात विळी दिली आणि भोपळ्याच्या ढिगाकडं बोट केलं.

लिहायला-वाचायला ती तिथंच शिकली, आणि तेही कुणी न शिकवता सुरू झालं. पहिलीचा वर्ग स्वयंपाकघराला लागून. नीताबाई आत मुलींना अक्षरं गिरवायला लावायच्या आणि काशी बाहेर पडवीत तांदूळ निवडत बसलेली असायची. एक दिवस नीताबाई पाणी प्यायला बाहेर आल्या तर परातीतल्या तांदळात बोटानं काढलेला मोठा ‘म’. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला पाटी दिली. दोन वर्षांत काशी एसटीची पाटी वाचू लागली, मग माघीचं पुस्तक. लिहायची मात्र फार हळू, एकेक अक्षर निरखून, जणू चुलीत लाकूड सारते आहे.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली. त्या रविवारी दूरदर्शनवर ‘पाटणगावचा तपास’ नावाची टेलिफिल्म लागली. गुप्तहेराची गोष्ट आहे म्हटल्यावर सरांनी स्वतःची खुर्ची पुढं घेतली. मुलींना वाटलं, आता पाठलाग होणार, पिस्तुलं निघणार. निघालं काय, तर निवृत्तीला टेकलेला एक जाडसर फौजदार. डोंगरातल्या लहानशा गावच्या देवळातून देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला जातो आणि हा फौजदार गावभर फिरत चहा पितो. न्हाव्याकडं बसतो. पुजाऱ्याला विचारतो, यंदा थंडी कशी काय. अर्ध्या तासात सरांची मान छातीवर आली. मुलींनी मागं सागरगोट्यांचा डाव मांडला.

मग तो प्रसंग आला. फौजदार गावाबाहेरच्या मोरीवर बसलाय, विडी ओढतोय. समोरच्या वाटेनं एक माणूस डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन जातो. इकडून येतो, समोरून जातो, वळणापलीकडं दिसेनासा होतो. एवढंच. कुणी बोलत नाही, गाणं नाही, वाजवणं नाही. फौजदार विडी विझवतो आणि उठतो.

काशीच्या हातातलं सूप थांबलं.

“ह्यानंच घेतलाय देवीचा मुखवटा,” ती म्हणाली. “मोळीत हाय.”

सर जागे झाले. काय गं, काय म्हणालीस, असं त्यांनी विचारलं, आणि काशीनं पुन्हा सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांचं म्हणणं, चोर पुजारीच असणार, असल्या गोष्टीत तोच असतो. नीताबाई वळून काशीकडं बघत राहिल्या. पाऊण तासानं पडद्यावरचा फौजदार त्याच माणसाच्या झोपडीपुढं उभा राहिला आणि हवालदाराला म्हणाला, “मोळी सोडा.” दोर सुटला, लाकडं घरंगळली आणि मधल्या पोकळीतून फडक्यात गुंडाळलेला मुखवटा बाहेर पडला. चित्रपट संपला. सर पेटी लावून निघून गेले.

पुढचे आठ दिवस जिथं जावं तिथं त्या टेलिफिल्मचीच निंदा. मोखाड्याच्या बाजारात लोक म्हणत होते, रविवार फुकट गेला. जव्हारच्या डेपोतल्या कॅन्टीनमध्ये कुणी चहाचा दुसरा कप मागितला तर त्याला ‘काय फौजदार’ म्हणून चिडवायचे. शाळेतल्या मास्तरांचं मत असं की इतक्या वेळात हिंदी पिक्चरमध्ये तीन खून होऊन फाशीसुद्धा होते. नीताबाईंनी शाळेत येणारा पेपर उघडला तर त्यातही तेच. लिहिणाऱ्यानं दोन दोष काढले होते. एक, चित्रपट गोगलगायीच्या चालीनं जातो. आणि दुसरा दोष त्याहून मोठा होता: फौजदाराला चोर कसा कळला हे शेवटपर्यंत कळत नाही, कसला पुरावा नाही, दुवा नाही, नुसता अंदाज. ही प्रेक्षकांची फसवणूक आहे, असं त्यानं ठासून लिहिलं होतं.

नीताबाईंनी ते काशीला वाचून दाखवलं. काशी भाकरी थापत होती. तिचा हात तसाच परातीत राहिला.

“ह्यांना दिसलं नाय?” तिनं विचारलं. राग नव्हता, खरंच नवल वाटलं होतं तिला.

मग तिनं नीताबाईंना सांगितलं, आणि ऐकता ऐकता नीताबाईंनी कपाळाला हात लावला. दोघी मोळ्यांच्याच मुलखातल्या, पण नीताबाईंनाही ते दिसलं नव्हतं. त्या म्हणाल्या, टीव्हीवाल्यांनी प्रेक्षकांची मतं मागवली आहेत, मतांवर पुढं एक कार्यक्रम करणार आहेत, तू कळव. मी लिहिते, तू सांग. काशीनं मान हलवली. मत आपलं तर अक्षरही आपलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं पडलं.

नीताबाईंनी मोखाड्याच्या पोस्टातून तीन कार्डं आणली. पहिल्यावर डाळ सांडली. दुसऱ्यावर अक्षरं इतकी मोठी झाली की अर्ध्या गोष्टीतच कार्ड भरलं. तिसरं लिहायला सहा दिवस लागले. त्यावर लिहिलं होतं ते असं:

“पाटणगावचा तपास पाहिला. लोक बोलतात हळू आहे. हळू नाय. मोळी रानातून गावात येते. तो माणूस गावातून रानाकडं मोळी नेत होता. फौजदाराला तेवाच समजला. मना पण समजला. पिक्चर चांगला आहे. फौजदार चहा जास्त पितो. काशी, कामाठी, मुलींची आश्रमशाळा, तालुका मोखाडा.”

नीताबाईंनी सवयीनं लाल पेन काढलं. ‘मना’चं ‘मला’ करायला पेन टेकवणार, तोच त्या थांबल्या, पेनाला टोपण लावलं आणि कार्ड तसंच टपालपेटीत टाकलं.

मार्चच्या मध्यावर लिफाफा आला. आत छापील पत्र होतं: प्रेक्षकांच्या मतांच्या कार्यक्रमासाठी काशीबाईंनी अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता मुंबईला स्टुडिओत यावं. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि म्हणाले की बोलावणं खरं आहे. रजा त्यांनी तिथल्या तिथं दिली.

लक्ष्या ठाण्याहून होळीसाठी घरी आला होता. त्याला आनंद झाला नाही, भीती वाटली. मुंबई त्यानं पाहिली होती. तिथली माणसं बिगाऱ्याशी कशी बोलतात ते त्याला ठाऊक होतं. सगळ्यांसमोर बसवून तुला हसतील, तो म्हणाला. काशी म्हणाली, हसतील तर हसतील, मी काय खोटं लिहिलंय? त्यावर लक्ष्या म्हणाला की वाट मला माहीत आहे, मी नेतो.

दोघं पहाटेच्या एसटीनं जव्हारहून निघाली. ठाण्याला बस बदलली. स्टुडिओच्या दारात लक्ष्या थबकला. असल्या इमारती त्यानं कितीतरी बांधल्या होत्या, पण एकदा रंग लागला की त्यांच्या पुढच्या दारानं आत जायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. दारवानानं पत्र पाहिलं, सलाम केला आणि दोघांनाही आत सोडलं. एका माणसानं काशीच्या तोंडाला पावडर लावली. तिला ते आवडलं नाही.

दिव्यांच्या उजेडात चार खुर्च्या होत्या. सूत्रसंचालन करणारी एक तरुण बाई, एक मराठीचे प्राध्यापक, पेपरात नेहमी पत्रं लिहिणाऱ्या दादरच्या एक बाई आणि काशी. समोरच्या अंधारात वीस-पंचवीस माणसं बसली होती. त्यात टेलिफिल्म काढणारा दिग्दर्शक होता आणि ती गोष्ट लिहिणारे एक म्हातारे लेखक, हातात काठी घेतलेले. मागं काचेच्या खोलीत लक्ष्याला स्टूल दिलं होतं.

आधी दादरच्या बाई बोलल्या. त्यांनी सांगितलं की बघता बघता त्यांचे मटार सोलून झाले, निवडून झाले आणि उसळही झाली, तरी फौजदार न्हाव्याकडंच. सगळे हसले. मग प्राध्यापक बोलले. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं वर्गात शिकवल्यासारखं. त्यांचं म्हणणं असं की रहस्यकथा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक करार असतो, ऐकणाऱ्यापुढं सगळे दुवे ठेवावे लागतात. इथं दुवाच नाही. फौजदार मोरीवर बसतो, उठतो आणि त्याला चोर कळलेला असतो. संथपणा एक वेळ सोसता येईल, ही लबाडी कशी सोसायची?

शेवटी सूत्रधार बाई काशीकडं वळली. आवाज गोड करून, लहान मुलाशी बोलावं तसं तिनं विचारलं, “काशीबाई, तुमच्या गावाकडं हा चित्रपट आवडला का?”

“गावाकडं नाय आवडला,” काशी म्हणाली. “मना आवडला.”

अंधारातून हसू आलं, पण आता ते वेगळं होतं. काशीनं पदर सावरला आणि प्राध्यापकांकडं वळली.

“सर, तुमच्याकडं भाजी बाजारातून घरी येते ना? आता कोणी माणूस भाजीनं भरलेली पिशवी घेऊन घरून बाजाराकडं चालला, तर तुम्ही त्याच्याकडं बघाल का नाय?”

प्राध्यापक म्हणाले, बघेन.

“मोळी रानात बांधतात आणि गावात विकतात. तो गावातून रानाकडं चालला होता. रानात लाकडं नेऊन कोणाला विकणार? आणि वाट चढाची. भरल्या मोळीखाली माणूस चढावर आखूड पावलं टाकतो, मान आत जाते. ह्याची मान ताठ, ढांगा लांब. म्हणजे मोळी मधून पोकळ. फौजदार तेच बघत बसला होता. आपल्याला पण दाखवलं. लपवलं काय?”

अंधारातून दिग्दर्शकाचा आवाज आला, तो प्रसंग परत लावा. खुर्च्यांसमोरच्या टीव्हीवर मोरी आली, विडी आली, मोळीवाला आला. मागं गावातली घरं, पुढं झाडी. तो घरांकडून झाडीकडं चालला होता, ताठ मानेनं, लांब ढांगा टाकत. आता ते इतकं उघड दिसत होतं की दादरच्या बाईंच्या तोंडून “अगं बाई” निघून गेलं.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. “मी हा प्रसंग दोनदा पाहिला,” ते म्हणाले. “दोन्ही वेळा मला मोळी दिसली. ती चाललीय कुठं, हे मी पाहिलंच नाही. दुवा होता. मी शब्द मागे घेतो.”

सूत्रधार बाईचा आवाज आता साधा झाला होता. पोकळ मोळीची चाल तुम्हाला कशी ओळखता येते, असं तिनं विचारलं. काशीनं खरं ते सांगितलं. तिचं माहेर जव्हारच्या पठाराखालच्या पाड्यावरचं. दहा वर्षांची असल्यापासून ती घाट चढून जव्हारला मोळी विकायला जायची. एकदा लाकूड कमी पडलं म्हणून तिनं मोळीच्या पोटात सुका पाला कोंबला आणि वरून चार बरी लाकडं बांधली. नेहमी मोळी घेणारी हलीमाबी दारात उभी होती. मोळी खाली ठेवायच्या आतच ती म्हणाली, पोरी, अंगणातून एक फेरी मार बघू. काशीनं फेरी मारली. हलीमाबी म्हणाली, ही चाल लाकडाची नाही, पाल्याची आहे. ओरडली नाही. पोकळ मोळी तशीच ठेवून घेतली, चुलीजवळ बसवून भाकरी खायला घातली, आणि पुढच्या वेळी भरलेली मोळी आली तेव्हा पुन्हा अंगणातून फेरी मारायला लावून म्हणाली, आता बघ, स्वतःची पावलं बघ.

“म्हणून मना समजतं,” काशी म्हणाली. “चोरी मी पण केली होती. फौजदार माझा चांगला होता.”

आणि चित्रपट संथ आहे, त्याचं काय, असा शेवटचा प्रश्न आला. काशीनं थोडा विचार केला.

“भरभर दाखवला असता तर मोळीवाला झरकन निघून गेला असता. मग मी बघितलं कधी असतं?” ती म्हणाली. “चहा तेवढा कमी करायचा.”

दिवे विझले तेव्हा काठी टेकत ते म्हातारे लेखक तिच्यापुढं आले. त्यांच्या खिशात तिचं कार्ड होतं, कडा मऊ पडलेल्या. त्यांनी सांगितलं की तो बिनबोलाचा प्रसंग लिहायला त्यांना तीन महिने लागले होते. फौजदारानं शेवटी सगळं उलगडून सांगायचं, असा सगळ्यांचा आग्रह होता. त्यांनीच तो मोडून काढला. लोकांना दिसेल, असं म्हणाले होते. मग बाराशे पत्रं आली आणि एकातही मोळी नव्हती. “मला वाटलं, मीच चुकलो,” ते म्हणाले. “मग हे कार्ड आलं.” त्यांची काठी खाली पडली होती, ती काशीनं उचलून दिली.

परतीच्या एसटीत काशी खिडकीला डोकं टेकून झोपली आणि लक्ष्या जागा राहिला. त्यानं कंडक्टरला सगळं सांगितलं. शेजारच्याला सांगितलं. विक्रमगडला चढलेल्या दोघांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि प्रत्येक वेळी प्राध्यापकांनी चष्मा काढला इथं आला की स्वतःच्या डोळ्यांवरूनही हात फिरवला.

कार्यक्रम एप्रिलमधल्या एका रविवारी लागला. जेवणाच्या खोलीत मुली, मास्तर, मोखाड्याची माणसं, वांगणीहून जीप करून आलेले सासरचे. सतरंज्या पुरल्या नाहीत. काशी मागच्या दारातच बसायला निघाली होती, सरांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. “गावाकडं नाय आवडला, मना आवडला,” हे आलं तेव्हा दीडशे मुलींनी जो गलका केला त्यात पुढची दोन वाक्यं बुडाली. माघी मात्र आईचा हात धरून बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तुळशीदास सर उठले आणि सगळ्यांपुढं म्हणाले की काशीनं चोर ओळखला तेव्हा मी झोपलो होतो, आणि जागा झालो ते तिला हसायला. मुलींनो, हे लक्षात ठेवा. एवढं बोलून ते खाली बसले. सरांना असं कुणी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

तिकडं जव्हारात हलीमाबीच्या घरी संध्याकाळपर्यंत माणसांची रीघ लागली होती. सत्तरी ओलांडलेली हलीमाबी दुसऱ्या दिवशी मुलाला, नवेदला घेऊन शेअर जीपनं शाळेत आली. तिनं काशीचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. ती फेरी तिला आठवत नव्हती. किती पोरी यायच्या मोळ्या घेऊन, ती म्हणाली, कुणाकुणाला चालवलं असेल. पण मुंबईत सगळ्यांसमोर आपलं नाव कुणी आदरानं घेतलं, हे तिच्या मनाला फार भिडलं होतं. स्वयंपाकघरात काशीशेजारी बसून ती दुपारभर गप्पा मारत राहिली.

यानंतर काशी मत देणारी म्हणून तालुक्यात ओळखली जाऊ लागली. बाजारात गेली की लोक विचारायचे, काशीबाई, काल लागला तो कसा होता? ती सहजी सांगायची नाही. आधी विचारायची, तुम्ही काय बघितलं? रविवारी मुली आता सागरगोटे मांडत नव्हत्या. पडद्यावर कोण कुठून कुठं चाललंय, हे आधी कुणाला दिसतं याची चढाओढ लागायची. काशीनं पुढं आणखी अकरा कार्डं पाठवली. एका गाजलेल्या मालिकेतली सून चूल फुंकते पण तिच्या डोळ्यांत कधी पाणी येत नाही, असंही एकदा कळवलं. ‘मना’ मात्र तिनं बदललं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सरता सरता शाळेत एक जाड पाकीट आलं, काशीच्या नावानं. आत हातानं लिहिलेले चाळीस कागद होते आणि वर एक चिठ्ठी. म्हाताऱ्या लेखकांनी नवी गोष्ट लिहिली होती. डोंगरातल्याच एका गावाची, त्याच फौजदाराची. चित्रीकरण अजून व्हायचं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं की मागच्या खेपेला तुमचं मत नंतर कळलं, या खेपेला आधी हवं आहे. तुम्ही हो म्हणाल तरच पुढं जाऊ.

नीताबाई म्हणाल्या, मी वाचून दाखवते. काशीनं पाकीट पदराखाली घेतलं. ती आठ दिवस वाचत होती. तांदूळ निवडताना, भाकऱ्यांच्या दोन खेपांच्या मध्ये, रविवारी सगळ्या टीव्हीपुढं असताना. फौजदाराचा चहा कमी झालेला पाहून एकदा एकटीच हसली. नवव्या दिवशी तिनं हात धुतले, पडवीत उजेडाला बसली आणि माघीकडून अंतर्देशीय पत्र मागून घेतलं. वर तारीख घातली. मग एकेक अक्षर निरखून लिहायला लागली:

“तुमची गोष्ट वाचली. चांगली आहे. तिसऱ्या पानावर चूक आहे.”